प्लेटची जाडी आणि कोलिस्टिन

ऑटोमेटेड मशीन आल्याशिवाय जिल्ह्याच्या लॅबमधले सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (कुठल्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक चालेल ते सांगणारे) भरवशाचे होणार नाहीत, हे या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटतं. मी काम करायचे त्या छोट्या लॅबमध्ये मुलर-हिंटन आगर (जंतू वाढवायची जेली) प्लेटमध्ये अंदाजानेच ओतलं जायचं. त्यावर औषधाची डिस्क म्हणजे चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेला गोल, म्हणजे झोन, मोजतात. आगरची जाडी ४ मिमी हवी. थर पातळ झाला की झोन उगाच मोठा दिसतो आणि रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा) जंतू सेन्सिटिव्ह म्हणून रिपोर्टात जातो. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा कंट्रोल स्ट्रेन (चाचणी बरोबर चालते का ते तपासायचा ठरलेला जंतू) लावायला लागलो तेव्हा कळलं. त्याच्यावर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा झोन १९ ते २६ मिमीमध्ये यायला हवा, आमचा त्याच्या बाहेर! त्याआधी किती पेशंटना चुकीचं औषध गेलं असेल, हा विचार अजून छळतो. मग आम्ही आगर मोजून ओतू लागलो. खर्च जवळजवळ शून्य.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा मुद्दा इथे कुणीच काढला नाही. त्याचा रेणू मोठा, आगरमध्ये नीट पसरतच नाही, म्हणून नेहमीच्या डिस्कवर विसंबता येत नाही. सीएलएसआय आणि युकास्ट (अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संस्था) दोघांनीही ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत तपासणं, ही संदर्भ पद्धत म्हणून सांगितलीय. आयसीयूतल्या पेशंटसाठी कोलिस्टिन हे शेवटच्या काही औषधांपैकी एक. निव्वळ डिस्कवरून ‘सेन्सिटिव्ह’ लिहून देणं थांबायलाच हवं.