‘मिळालेली’ कृपा की ‘मिळवलेली’?

जुनी वही: बाप्तिस्म्यावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. एका वाक्यात लिहिलं, ‘बाप्तिस्म्यात मिळवलेली कृपा जपावी लागते.’ तपासणाऱ्या पाळकांनी ‘मिळवलेली’खाली लाल रेघ मारून शेजारी लिहिलं: मिळवली तर ती कृपा कसली? पटलं. ‘मिळालेली’ केलं. पण आता ती रस्त्यात सापडलेल्या पाकिटासारखी वाटते. देणारा दिसतच नाही. काय करू?

विसर्ग: ‘लाभलेली’ लिहा. फक्त ‘प्राप्त झालेली’ नको, कार्यालयीन पत्राचा वास येतो.

ओसरी: लाभात नफा आला की! मुळात कृपा मिळत नाही, कृपा होते. ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’. संत बहिणाबाईंनी ‘मिळाली’ म्हटलंय का?

जुनी वही: मग पुढचं ‘जपावी लागते’ अडतं. होऊन गेलेली गोष्ट जपायची कशी?

काना मात्रा: काहीही करा, नुसतं ‘दान’ लिहू नका. बायबलातल्या इफिसकरांच्या पत्रात ‘देवाचे दान’ आहे, मान्य. पण आपल्या कानाला दान म्हटलं की सत्पात्री दान ऐकू येतं, म्हणजे घेणारा लायक हवा. इथे तर नेमकं उलट, लायकी नसताना दिलेलं. रोमकरांच्या पत्रात ‘पापाचे वेतन मरण’ म्हटल्यावर लगेच ‘देवाचे कृपादान’ येतं. वेतन कामाचं, हे बिनकामाचं. भाषांतरकाराने ‘दान’ला ‘कृपा’ जोडली ती उगाच नाही, असं मला वाटतं.

उंबरठा: कृपादान म्हणजे आपलं पसायदानच की! पसाय म्हणजे प्रसाद.

विसर्ग: व्युत्पत्ती बरोबर, पण ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ विसरलात. तिथे आधी यज्ञ, मग पसाय. इथे आधी काहीच नाही.

उंबरठा: मग सरळ ‘फुकट मिळालेली’ लिहा.

विसर्ग: धर्माच्या पुस्तकात ‘फुकट’? काही तारतम्य?

काना मात्रा: अहो, मराठी बायबलातच आहे, मत्तय, अध्याय १०: ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या.’ लॅटिनमध्येही कृपा ती ग्रातिया आणि फुकट ते ग्रातिस. एकाच घरातले शब्द.

ओसरी: ‘पावणे’ कोणालाच आठवलं नाही? लूकमध्ये देवदूत मरियेला ‘कृपा पावलेल्या स्त्रिये’ म्हणतो. देवही पावतो, माणूसही कृपा पावतो. आमची आजी ‘तुझं पत्र पावलं’ म्हणायची. पावतीसुद्धा त्यातलीच.

उंबरठा: म्हणजे बाप्तिस्मा ही कृपेची पावती!

पाणपोई: थट्टेत म्हणालात, पण भांडण नेमकं त्यावरच आहे. बाप्टिस्ट पंथाची मंडळी म्हणतात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, तो साक्षीपुरता. म्हणून तान्ह्यांना देत नाहीत. त्यांना पावती चालेल. कॅथलिकांच्या मते त्या संस्कारातूनच कृपा दिली जाते, बाळालाही. त्यांच्या लेखी ते पत्रच, पावती नव्हे. क्रियापदंही बघा. बाळाचा बाप्तिस्मा ‘होतो’, मोठा माणूस ‘घेतो’. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा ‘घेतला’ असंच म्हणतो ना आपण? पुस्तिका कोणाची आहे ते आधी सांगा.

विसर्ग: मी म्हणतो ‘बाप्तिस्मा’ तरी कशाला? ‘स्नानसंस्कार’ हा चांगला मराठी शब्द असताना?

काना मात्रा: स्नानही संस्कृत, संस्कारही संस्कृत. यात मराठी काय आहे? बाप्तिस्मा थेट ग्रीकमधला, मूळ अर्थ बुडवणे. त्याच कुळातलं क्रियापद कापड रंगात बुडवण्यालाही वापरत. एकदा चढलेला रंग! स्नानाचं काय, ते रोजच असतं.

पाणपोई: मला कोणी बुडवलं नाही. डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, तेही बेताचंच, असं आई सांगते.

विसर्ग: मग ‘बुडवणे’ही गेलं. स्नानच बरं.

ओसरी: ते राहू द्या, सामान्यरूप काय करता? आमच्याकडे सगळे ‘बाप्तिस्माला’ म्हणतात, छापतात मात्र ‘बाप्तिस्म्याला’.

काना मात्रा: ‘बाप्तिस्म्याला’च. आत्मा, आत्म्याला.

ओसरी: आणि आई, आईला. बोलतात तेच खरं.

जुनी वही: मंडळी, ‘बाप्तिस्म्यात देवाने केलेली कृपा जपावी लागते’ असं करून पाठवलं. ‘केलेली’ चाललं. आता ‘जपावी लागते’खाली लाल रेघ आली आहे.

विसर्ग: ‘स्नानसंस्कार’ लिहिलं असतं तर सामान्यरूपाचा घोळ झालाच नसता.