किंग क्रिमसनच्या तीनच रेकॉर्डी घ्यायच्या तर कोणत्या?

धाकटा_नाशिककर
पुढच्या महिन्यात दादाला चाळीस पूर्ण होतायत. वहिनी टर्नटेबल घेतेय, रेकॉर्डींचं माझ्याकडे आलंय. दादा दहा वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा. पिंक फ्लॉइड त्याला पाठ आहे, पण किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचं एकच गाणं माहीत आहे, 'ट्वेंटिफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'. तेही कान्ये वेस्टच्या 'पॉवर'मध्ये त्याचा तुकडा ऐकला आणि मूळ गाणं शोधत गेला म्हणून. १९६९ ते २००३ या काळात यांचे १३ स्टुडिओ अल्बम आहेत आणि माझ्याकडे पैसे आहेत तिनांचे. बसून ऐकलेल्या लोकांनीच सांगा प्लीज.

मेलोट्रॉनवाली
पहिला अल्बम, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग', १९६९. याला पर्यायच नाही. जुलैत हे लोक लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवून गेले आणि ऑक्टोबरमध्ये अल्बम आला. 'एपिटाफ'मध्ये मागे व्हायोलिनांचा समुद्र वाटतो ना, तो मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डाचा. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, पट्टी दाबली की फीत फिरते. आणि मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा चेहरा! तो बॅरी गॉडबरनं रंगवला. अल्बम आल्यावर काही महिन्यांतच तो गेला, अवघा २४ वर्षांचा. बारा इंची आकारात ते चित्र हातात घ्यायलाच हवं.

सांगलीचा_तबला
दादा ताशा वाजवायचा हे वाचलं आणि लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. किंग क्रिमसन हा एक बँड समजून निवड करू नका. गिटारवाला रॉबर्ट फ्रिप तेवढा कायम, बाकी माणसं बदलत गेली आणि माणसांबरोबर संगीतही. १९६९चे, १९७३-७४चे आणि १९८१चे असे तीन वेगळे बँड धरा. अमुक अल्बम पहिला की तमुक, हे भांडण त्यामुळेच मिटत नाही.

माझी निवड 'रेड'पासून सुरू होते. मी सांगलीत सात वर्षं तबला शिकलो. १९९८मध्ये नोकरीसाठी मुंबईला आलो, तेव्हा शनिवारी काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचो. तिथे हेडफोन लावून ऐकता यायचं. (२०१९पर्यंत हा बँड स्पॉटिफायवर नव्हता, तेव्हा त्या काळाचं तर विचारूच नका.) कुणीतरी ठेवून गेलेली 'रेड'ची सीडी मी शेवटच्या गाण्यापासून लावली. 'स्टारलेस', बारा मिनिटांचं. सुरुवातीला संथ, हळवी धून, जॉन वेटनचा भरदार आवाज. मग गाणं थांबतं आणि नुसता बेस उरतो. फ्रिप एकच सूर छेडत राहतो, हळूच वर सरकतो, पुन्हा तिथेच थांबतो. मी सवयीनं बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला लागलो. बारा धरल्या तर एक उरत होती. सम आली असं वाटावं आणि ती एक पाऊल पुढे गेलेली असावी! तीन-चार आवर्तनं चुकल्यावर कळलं, तेरा आहेत. ड्रमर बिल ब्रुफोर्ड आधी नुसती टकटक करतो, मग एकेक वाद्य उघडत जातो. शेवटी सगळं फुटतं, सॅक्सोफोन धावत सुटतात आणि सुरुवातीची तीच धून परत येते, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

ही धून वेटननं आधीच्या अल्बमसाठी आणली होती, तेव्हा बाकीच्यांनी ती बाजूला ठेवली. 'रेड' ऑक्टोबर १९७४मध्ये दुकानात आला तोवर फ्रिपनं बँडच मोडला होता. त्याच अल्बमवर 'वन मोअर रेड नाइटमेअर' आहे, त्यातली फुटक्या पत्र्यासारखी वाजणारी झांज नीट ऐकायला सांगा. ब्रुफोर्डला ती तालमीच्या जागी कचऱ्याच्या डब्यात मिळाली होती. ताशावाल्याला तो आवाज लगेच आपला वाटेल.

दुसरा 'डिसिप्लिन', १९८१. फ्रिप आणि ब्रुफोर्डच्या जोडीला दोन अमेरिकन, एड्रियन बेल्यू आणि टोनी लेव्हिन. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन गिटार एकच नक्षी विणतात, पण एक जण एक स्वर गाळतो. म्हणून एकाचे चौदा तर दुसऱ्याचे तेरा. दोघं लांब जातात आणि फिरून एकत्र येतात. लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीची तीच ती धून, चालू असताना तबलेवाला आडवं जाऊन समेवर पडतो, तेव्हा छातीत जे होतं ना, तेच इथे होतं.

तिसरा मी 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' म्हणेन, १९७३चा. जेमी म्यूर नावाचा माणूस त्यात साखळ्या आणि पत्रेही वाजवतो.

मेलोट्रॉनवाली
'रेड' आणि 'डिसिप्लिन' मान्य. पण 'लार्क्स'साठी पहिला अल्बम सोडायचा? दादा ज्या गाण्यामुळे या बँडपर्यंत आला ते गाणंच घरात नसेल!

सांगलीचा_तबला
हे मात्र बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नाही. त्यातल्या 'मूनचाइल्ड'चा लांबलचक मोकळा भाग मला आजही जड जातो, पण तिसरी रेकॉर्ड तीच घ्या. 'लार्क्स' पुढच्या वाढदिवसाला. आणि 'रेड'ची दुसरी बाजू लावली की 'प्रॉव्हिडन्स'वरून सुई उचलू देऊ नका. प्रॉव्हिडन्स गावातल्या कार्यक्रमात ते जागच्या जागी सुचत गेलं होतं. त्या अंधारातून आलात की मग 'स्टारलेस' भिडतं.

धाकटा_नाशिककर
तिन्ही मागवल्या. दोघांचे मनापासून आभार.

काल गंगापूर रोडला दादाच्या गाडीत काही न सांगता 'स्टारलेस' लावलं. तो बँक, हप्ते असं काहीबाही बोलत होता. मधला भाग सुरू झाला तसा गप्प झाला. सिग्नलला स्टिअरिंगवर त्याची बोटं चालू होती, अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सिग्नल सुटला, मागून हॉर्न. गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि म्हणाला, "तेरा आहेत का रे? परत लाव."