बाचीपर्यंत एसएच २०, शिनोळीपुढं काय लिहायचं?

सुळग्याचा दूधवाला
नमस्कार मंडळी. मी रोज पहाटे कॅन घेऊन बेळगावला जातो, दूध घालून परत येताना रस्ते बघतो. गेल्या पावसाळ्यापासून आपल्या भागातले रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भरता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, भरायचा नाद लागलाय.

आपला वेंगुर्ला रोड म्हणजे कर्नाटकाचा राज्य महामार्ग (एसएच) २०, रायचूर–बाची. बाचीला कर्नाटक संपतं, पुढं शिनोळी महाराष्ट्रात. काल नकाशा उघडला तर कुणीतरी रस्त्याचा वर्ग हिंडलग्यापर्यंत प्रायमरी, तुरमुरीपर्यंत सेकंडरी आणि शिनोळीत परत प्रायमरी करून ठेवलाय. वर नावाच्या रकान्यातच 'एसएच २०' लिहिलंय. एकच रस्ता की ओ हा!

तुरमुरीजवळच्या किलोमीटरच्या दगडाला वाकून बघितलं. अर्धा गवतात, एका बाजूला पानाची पिचकारी. वर कन्नडात 'रा. हे.' एवढंच. हेद्दारी म्हणजे महामार्ग. आता राज्य हेद्दारी पण रा. हे. आणि राष्ट्रीय हेद्दारी पण रा. हे.! कसं ओळखायचं? आणि बाची संपली की २० नंबर चालू ठेवायचा का तोडायचा?

चंदगडकडचा
अक्षरं सोडा, दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्य, नारिंगी असेल तर ग्रामसडक.

वर्ग सरळ आहे. राष्ट्रीय म्हणजे ट्रंक, राज्य म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी, इतर जिल्हा मार्ग टर्शरी. गावरस्त्याला अनक्लासिफाइड, त्याचा अर्थ 'वर्ग माहीत नाही' असा घेऊ नका, तो वर्गच आहे. आमच्याकडं महाराष्ट्रात प्ररामा (प्रमुख राज्य मार्ग), रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा (ग्रामीण मार्ग) अशी उतरंड. प्ररामा ही वरची पायरी तुमच्याकडं कर्नाटकात नाही, पण प्ररामा आणि रामा दोन्ही प्रायमरीच.

तुरमुरीजवळ रस्ता बारका वाटला म्हणून कुणीतरी सेकंडरी केला असणार. खड्डे आणि रुंदी दाखवायला सरफेस, लेन हे रकाने वेगळे आहेत. नंबर नावात नको, रेफ म्हणजे नंबरच्या रकान्यात टाका.

संकेश्वरचा
हिरव्या डोक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आमच्याकडून गडहिंग्लज, आजरा, आंबोली करून बांद्याला जाणारा रस्ता आता राष्ट्रीय ५४८एच आहे, पण परवा एक दगड हिरवाच दिसला. मुकादमाला रंग मिळेल तेव्हा तो पिवळा होईल. पुणे–बेंगळुरू रस्त्याचंही तेच. नंबर २०१० साली बदलले, ४ चा ४८ झाला, तरी आमच्या चहाच्या गाड्यावर अजून 'एनएच फोर'च चालतं. जुना नंबर फेकू नका, ओल्ड रेफ म्हणजे जुन्या नंबरच्या रकान्यात ठेवा, लोक तोच शोधतात.

आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून नंबर उतरवायचा नाही, लायसन्सची भानगड होते. स्वतः काढलेला दगडाचा फोटो चालतो.

सुळग्याचा दूधवाला
आज परत बघितलं. डोकं हिरवंच, पण चिखलानं माखलेलं, बोटानं खरवडावं लागलं. मागं दोन पोरं उभी राहून विचारत होती, "काका, काय हरवलंय?"

चंदगडकडचा
😄 मग सगळं प्रायमरी करा. हद्दीवर रस्त्याची रेष तोडा, २० चं रिलेशन (एका नंबरच्या रस्त्याचे सगळे तुकडे जोडणारी नोंद) तिथंच थांबवा, नेटवर्कच्या रकान्यात 'आयएन:एसएच:केए', म्हणजे भारत, राज्य महामार्ग, कर्नाटक. पुढं महाराष्ट्राचं रिलेशन वेगळं, त्याला महाराष्ट्राचाच नंबर. तो दगडावर वाचून मी टाकतो, शिनोळी माझ्या वाटेवर आहे. फक्त एक करा, 'स्वागत'चा बोर्ड हद्दीच्या रेषेपासून लांब दिसला म्हणून रेष ओढून बोर्डाला लावू नका. मागं एकानं ओढली होती, अर्धं शेत दुसऱ्या राज्यात गेलं.

सुळग्याचा दूधवाला
शेत कुणाचं होतं तेवढं सांगा. 😄 नावात 'वेंगुर्ला रोड' ठेवतो, कन्नड आणि मराठी दोन्ही रकाने भरतो. बाचीजवळचा शेवटचा दगड उद्या दूध घालून येताना बघतो, पाऊस नसला तर.