अनुभव धागा: पहिल्या रविवारी टेम्पोभर, आता वडापात मावतो

आमच्या गडावरच्या श्रमदानाच्या ग्रुपला दोन वर्षं होत आली. सुरुवातीला टेम्पो भरून माणसं यायची, आता एका वडापच्या जीपमध्ये बसतो, वर घमेली ठेवायला जागा उरते. तुमच्याकडं माणसं कशी टिकली, कशी गळाली, लिहा. ‘सकारात्मक राहा’ असले सल्ले मात्र नकोत.

गडकरी भावा
आम्ही पावनगडावर जातो, पन्हाळ्याच्या शेजारी. पहिल्याच दिवशी ‘अख्खा तट मोकळा करायचा’ म्हणून बसलो, तिथंच चुकलं. तटात रुजलेला पिंपळ ओढला तर मुळासंगं दगडबी येतो, आणि परवानगीशिवाय जुन्या बांधकामाला हात लावायचा नाही. म्हणजे महिनोन् महिने नुसती घाणेरीची झुडपं तोडायची. पोरं कंटाळली. मग एका रविवारी परवानगी मिळालेली एकच पायवाट धरली, घमेल्यांची साखळी लावली. अकराच्या सुमाराला फावडं पायरीवर खण्णकन वाजलं, आणि सकाळपासून मोबाईल बघत बसलेला गडी खाली उतरून हातानं माती सारायला लागला! तेव्हापासून घरी जाताना काहीतरी पुरं झालेलं दिसलं पाहिजे, एवढंच बघतो. २०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा दोन रविवार लय गर्दी झाली. फोटो काढून गेली.

रंकाळ्याकाठची
तळ्यातल्या केंदाळाला, म्हणजे जलपर्णीला, हवा मानवली की ते दोन आठवड्यांत दुप्पट होतं. सांडपाणी मिसळतंय तोवर आपण काढतोय आणि ते वाढतंय. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून निम्मी माणसं चिडून गेली. आता आधीच सांगते. कमी येतात, पण पुढच्या वेळीही येतात.

कटवाला
काम झाल्यावर मिसळ, त्यानं माणसं टिकतात. पण पैसे ज्याचे त्यानं भरायचे. ग्रुपच्या पैशातनं खाल्ली तेव्हा जादा पावावरनं भांडणं झालीत.

चिखलीची लेक
२०१९ च्या महापुरानंतर गाळ काढायला गल्लीत माणूस मावत नव्हता. दिवाळीनंतर मुलांच्या वाचनालयाला जमवलेल्या पुस्तकांना पुठ्ठे घालायला उरलो आम्ही तिघी. त्यातली एक दोन रविवार आली नाही. ग्रुपवर ‘का गं’ न विचारता तिच्या घरी गेलो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग गठ्ठा आणि खळ तिच्याच सोप्यात नेली. सासूबाई पडल्या पडल्या पुठ्ठे मोजायच्या, आणि चुकलं की ओरडायच्या.

धागाकर्ता
पावाचं भांडण आमच्यातही झालंय. गळालेल्यांपैकी दोघं शिवाजी पेठेतच राहतात. या रविवारी गडावर जायच्या आधी त्यांच्याकडं डोकावतो, मग लिहितो.