मेगॅलोडॉन म्हणजे फुगवलेला ग्रेट व्हाइट नव्हे

खोलपाणी: "दात सापडलेत, त्यावरून सगळं कळतं. मेगॅलोडॉन म्हणजे तिप्पट मोठा ग्रेट व्हाइट, वाद कसला?" हे कालच्या पोस्टमधलं वाक्य वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. मेगॅलोडॉन हा नामशेष झालेला राक्षसी शार्क, ग्रेट व्हाइट आजचा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो टिकत नाही. हाताशी आहेत दात, काही मणके आणि थोडे खवले. त्यातून मेगॅलोडॉन ग्रेट व्हाइटच्या कुळातलाही नाही, ओटोडोंटिडी हे नामशेष झालेलं वेगळंच कुळ. बेल्जियममध्ये सापडलेल्या एका मेगॅलोडॉनच्या मणक्यांच्या माळेचंच बघा. मणक्यांच्या जाडीला ग्रेट व्हाइटचं प्रमाण लावलं तर अख्खा मासा ९.२ मीटरचा, आणि नुसते मणके ओळीने मांडले तर ११.१ मीटर! म्हणजे लांबीच्या मानाने मणके बारीक. २०२४च्या शोधनिबंधाचा मुद्दा हाच, की अंग सडपातळ होतं.

मणका_मोडला: त्याच माळेवरून २०२२मध्ये १६ मीटरचं त्रिमितीय मॉडेल झालं होतं, ते सोयीस्कर विसरलात. आणि २०२५चा निबंध लेमन शार्क या आजच्या सडपातळ शार्कसारखा बांधा सुचवून २४.३ मीटरपर्यंत जातो. लेमन शार्क कुठला जवळचा नातेवाईक? ग्रेट व्हाइट निदान त्याच गणातला, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटातला, तरी आहे.

रंगपेटी: तुम्ही मीटर मोजा, शिव्या आम्ही चित्रकार खातो. एका प्रकाशकाला मी सडपातळ मेगॅलोडॉन काढून दिला होता. "भीती वाटत नाही" म्हणून परत आला. मान जाड करा, जबडा उघडा ठेवा. छापलं तेच, आणि वर वाचकांची पत्रं की चित्रकाराला काही कळत नाही.

मणका_मोडला: मग नाही म्हणायचं होतं. पोरांच्या डोक्यात आयुष्यभर चित्रच राहतं.

रंगपेटी: नाही म्हटलं की पुढचं काम दुसऱ्याला जातं! आणि चूक फक्त चित्रकारांचीच का? न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधला १९०९चा जबडा शास्त्रज्ञांनीच उभारला ना? कडेचे दात लहान असतात हे न बघता सगळीकडे मोठेच बसवले. ३० मीटरचा आकडा तिथून पसरला.

जुनाट_जीव: त्या जबड्याचा फोटो माझ्या शाळेच्या भिंतीवर होता. जबड्याच्या आत माणूस बसलेला. मी या विषयात आलो तो त्या फोटोमुळे. चुकीचा असेल, पण त्याला टाकाऊ म्हणू नका.

खोलपाणी: टाकाऊ कोणी म्हटलं? चुकीचा आहे, एवढंच. तुमच्या भावनांनी दातांचं माप बदलत नाही.

जुनाट_जीव: हा सूर असेल तर बोलणंच खुंटलं.

मणका_मोडला: भांडा तुम्ही. ९.२ आणि ११.१ची विसंगती खरी आहे, तेवढं मान्य, नाइलाजाने. लेमन शार्क अजिबात मान्य नाही. शेपटी आणि परांचा आकार कुठल्याच जीवाश्मात दिसलेला नाही.

खोलपाणी: मग चित्राखाली तसं लिहा की, पर आणि शेपटी अंदाजाने.

रंगपेटी: मी दर वेळी लिहून देतो. छापताना पहिली कात्री त्याच ओळीला लागते.