विषय: सभागृहाच्या अनामतीची वायर निघालीच नाही

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री ९.४०

सर्व सभासदांना स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या सभागृहाची ३,५०० डॉलरची अनामत मी शुक्रवारी दुपारी बँकेत जाऊन वायरने (बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवण्यास दिली होती. आज बँकेतून फोन आला की अर्जात भरलेला राउटिंग नंबर वायरसाठी चालत नसल्यामुळे रक्कम निघालीच नाही. शुल्काचे ३० डॉलर मात्र खात्यातून गेलेले दिसतात. सभागृहाच्या पत्रात खाते क्रमांक एकच आहे, पण राउटिंग नंबर दोन दिले आहेत. एकापुढे ‘डायरेक्ट डिपॉझिट व एसीएच’ (म्हणजे बँकांमधली नेहमीची इलेक्ट्रॉनिक देवघेव) असे लिहिले आहे आणि दुसऱ्यापुढे ‘वायर’. गेल्या वर्षी त्यांच्याकडून परताव्याचा जो चेक आला होता, त्यावर पहिलाच नंबर छापलेला असल्यामुळे मी तो भरला. मुदत बुधवारी संध्याकाळपर्यंतच आहे. दुसरा नंबर भरावा, हे कोणी खात्रीने सांगू शकेल का?

प्रेषक: नाना (माजी खजिनदार)
सोमवार, रात्री १०.२५

दुसराच भरावा. माझ्या कार्यकाळात दरवर्षी तोच भरला जात होता आणि कार्यभार सोपवताना दिलेल्या निळ्या फाइलमध्ये तशी नोंदही आहे. ती फाइल उघडली गेली की नाही, हा प्रश्न मी येथे काढत नाही.

नव्या कार्यकारिणीच्या माहितीसाठी थोडे विस्ताराने लिहितो. राउटिंग नंबर हा बँकेचा पत्ता असतो, खातेदाराचा नव्हे. अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१० साली चेक योग्य बँकेकडे वळते करण्यासाठी ही पद्धत सुरू केली. नऊ अंकांपैकी पहिल्या चारांवरून फेडरल रिझर्व्हचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) विभाग व प्रक्रिया केंद्र समजते, पुढचे चार त्या बँकेचे असतात आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. मोठ्या बँका बहुधा दुसऱ्या बँका गिळून मोठ्या झालेल्या असतात, त्यामुळे एकाच बँकेकडे राज्याराज्यांचे जुने नंबर साठलेले असतात आणि चेक व एसीएच त्या जुन्या नंबरांवर सुखाने चालतात. वायर मात्र फेडरल रिझर्व्हच्या फेडवायर या यंत्रणेतून जाते आणि तिच्यासाठी पुष्कळ बँका देशभरासाठी एकच वेगळा नंबर ठेवतात. लहान बँकेत दोन्हींसाठी एकच नंबर असतो, म्हणूनच ‘चेकवर आहे तो भरा’ हा सल्ला निम्म्या वेळा बरोबर निघतो आणि उरलेल्या वेळी ३० डॉलरला पडतो.

शेवटच्या अंकाची गंमत कोणालाही घरी तपासता येईल. अंकांना डावीकडून ३, ७, १ या क्रमाने पुनःपुन्हा गुणावे आणि बेरीज करावी. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा ०११००००१५ हा नंबर घेतल्यास ७, १, ७ आणि ५ मिळून २० होतात. एखादा अंक चुकला तर हा हिशेब चूक हमखास पकडतो. पण एका खऱ्या नंबराच्या जागी दुसरा खरा नंबर भरला तर तो काहीच सांगत नाही, आणि शुक्रवारी नेमके तेच झाले आहे.

प्रेषक: ढोल-ताशा पथक
सोमवार, रात्री ११.०२

नानांच्या लिहिण्यात एक भर घालतो. ‘चेकच्या तळाशी डावीकडचे नऊ अंक’ असे जे सगळीकडे सांगितले जाते, ते घरगुती चेकपुरतेच खरे आहे. मंडळाचे चेक मोठ्या आकाराचे असून त्यांवर सर्वांत डावीकडे चेकचा क्रमांक येतो आणि राउटिंग नंबर त्याच्यानंतर, एक उभी रेघ व दोन ठिपके अशा दोन खुणांच्या मधोमध असतो. त्या खुणा पाहाव्यात, डावे-उजवे पाहू नये. पैसे भरण्याच्या स्लिपवरून तर नंबर कधीही घेऊ नये, कारण तिथे काही वेळा ५ ने सुरू होणारा बँकेचा अंतर्गत नंबर असतो. ढोलांच्या पानांचे माझे ४८ डॉलर मार्चमध्ये तसेच परत गेले. स्लिपचा फोटो मीच पाठवला होता हे मान्य आहे, पण पैसे अजून मिळालेले नाहीत.

प्रेषक: नाट्यसमिती
मंगळवार, सकाळी ७.१५

स्लिपचे ठीक आहे, आमच्याकडे त्याहून मोठा घोळ झाला होता. पुण्याच्या नाट्यसंस्थेला आगाऊ रक्कम पाठवताना त्यांनी आपल्या चेकवरचा नऊ अंकी एमआयसीआर कोड (यंत्राला वाचता येणारा बँकशाखेचा क्रमांक) कळवला आणि आमच्या एका उत्साही सदस्याने, नऊ अंक आहेत म्हणजे राउटिंग नंबरच असणार असे समजून, तो अर्जाच्या चौकटीत भरला. अर्जाने तो लगेच नाकारला. कारण नंतर लक्षात आले. भारतीय एमआयसीआर कोडचे पहिले तीन अंक शहराचे असतात आणि ते त्या गावाच्या पिनकोडशी जुळतात, म्हणजे मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०, गोव्याचे ४०३. अमेरिकन नंबर मात्र ०० ते १२, २१ ते ३२, ६१ ते ७२ किंवा ८० या जोडीनेच सुरू होतात. ४० ते ४४ ही जागाच तिथे नाही. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा कोणताही कोड अमेरिकेत चुकूनही खपणार नाही, ही त्यातल्या त्यात आपली सोय आहे. भारतात पैसे पाठवायचे तर बँकेचा आंतरराष्ट्रीय स्विफ्ट कोड आणि शाखेचा अकरा वर्णांचा आयएफएससी लागतो, राउटिंग नंबरचा तिथे संबंध नाही.

प्रेषक: ताई (हिशेब तपासनीस)
मंगळवार, सकाळी ८.३०

पुण्याचा विषय मोठा आहे, तो बैठकीत घेऊ. खजिनदारांनी बँकेत जाण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

सभागृहाच्या कार्यालयाला फोन करून वायरचा नंबर आणि खाते क्रमांक अंकाअंकाने वाचून घ्यावा. तो फोन जुन्या करारावरच्या क्रमांकावर करावा, ईमेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर नव्हे. ईमेलच बनावट असेल तर फोनही त्याच भामट्याकडे जाईल. एसीएचने गेलेली रक्कम चुकीच्या वा बंद खात्यावर पोचली तर साधारणपणे दोन कामकाजी दिवसांत कारणाच्या संकेतासह परत येते (४८ डॉलर तसेच आले). वायर एकदा समोरच्या बँकेत जमा झाली की मागे खेचता येत नाही. शिवाय बँका नाव जुळवून पाहतीलच असे नाही, त्यांना क्रमांकावर विसंबून राहण्याची कायद्याने मुभा आहे. तेव्हा शुक्रवारी वायर अडली हे आपले नशीब म्हणायचे.

दुसरे असे की वायरच हवी असा सभागृहाचा आग्रह आहे का, हेही त्याच फोनवर विचारावे. त्याच दिवशी पोचणारे एसीएच आता उपलब्ध आहे आणि आपली रक्कम त्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत आहे.

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ८.४४

करारात वायर असेच लिहिले आहे. निळी फाइल, तिसरे पान.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, दुपारी २.१०

फाइल उघडली, तिसऱ्या नव्हे, पाचव्या पानावर आहे. सभागृहाच्या कार्यालयातील बाईंनी दोन्ही क्रमांक फोनवर वाचून दाखवले, मी ते उलट वाचून खात्री केली आणि वायर दुपारी एक वाजता निघाली. बँकेने दिलेला आयमॅड क्रमांक सभागृहाला कळवला आहे. त्यांच्या बँकेला त्यावरून रक्कम शोधता येते. वायर निघालीच नव्हती तर शुल्क कशाचे, असे शाखेत लेखी विचारले तेव्हा शुक्रवारचे ३० डॉलर परत जमा करण्याचे त्यांनी मान्य केले. आजचे ३० डॉलर वेगळे लागले आहेत, ते सभागृह-खर्चात दाखवीन.

प्रेषक: नाना
मंगळवार, दुपारी २.३१

माझ्या वेळी ते तिसऱ्याच पानावर होते. मधे कोणीतरी पावत्या घातल्या आहेत.

प्रेषक: ढोल-ताशा पथक
मंगळवार, संध्याकाळी ६.०५

माझे खाते क्रेडिट युनियनमध्ये असून नंबर २२ ने सुरू होतो. तो बरोबरच आहे, सहकारी संस्थांचे तसेच असतात, म्हणून कृपया पुन्हा शंका काढू नये. चेकवर आडव्या अक्षरांत ‘रद्द’ असे लिहून त्याचा फोटो खजिनदारांना स्वतंत्रपणे पाठवला आहे. स्लिपचा नव्हे.