लॉरेन हंट लीबरसन आणि बरोक गायन
बरोक (साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय शैलीतील) ऑपेरा म्हणजे संगीतनाट्य गाणाऱ्यांची कारकीर्द मुख्यतः चपळ गळ्यावर आणि वेगवान तानांवर उभी राहते, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते, म्हणून लॉरेन हंट लीबरसन (१९५४–२००६) या अमेरिकी गायिकेचे उदाहरण जोडतो. त्या मुळात व्यावसायिक व्हायोलावादक होत्या (व्हायोला हे व्हायोलिनहून थोडे मोठे, वाद्यवृंदात मधला सूर धरणारे वाद्य) आणि गायनाकडे पूर्णपणे उशिराच वळल्या. बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बरोक संगीतकार बाखच्या कॅन्टाटा (वाद्यवृंदासह गायच्या, बहुतांशी धार्मिक रचना) गाताना त्यांची घडण झाली. वाद्यवृंदातील मधला सूर सांभाळणाऱ्या वादकाला भोवतालचे सगळे ऐकत वाजवावे लागते, आणि त्यांच्या गाण्यातील संयम मला तेथूनच आलेला वाटतो.

पीटर सेलर्स दिग्दर्शित बरोक संगीतकार हेंडेलच्या ‘जूलिओ चेझारे’ (ज्युलियस सीझर) या ऑपेरातील सेस्तोच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले, पण माझ्या मते १९९६ साली इंग्लंडमधील ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवात, विल्यम क्रिस्टी यांच्या संचालनाखाली, हेंडेलच्याच ‘थिओडोरा’ या ओरेटोरिओमध्ये (धार्मिक कथेवरील गायनप्रधान रचनेत) त्यांनी गायलेली आयरीनची भूमिका अधिक मोलाची आहे. ही भूमिका कथानक फारसे पुढे नेत नाही, तिच्या वाट्याला प्रामुख्याने प्रार्थना आणि धीराचे बोल येतात, त्यामुळे केवळ कसरतीवर ती पेलता येत नाही. (१७५० साली ‘थिओडोरा’ पहिल्यांदा सादर झाली तेव्हा लंडनच्या श्रोत्यांनी तिच्याकडे पाठच फिरवली होती.) विशेष म्हणजे त्या बरोकपुरत्या मर्यादित राहिल्या नाहीत; १९९९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी पदार्पण केले, ते अमेरिकी संगीतकार जॉन हार्बिसन यांच्या नव्या ऑपेरातून.